संपादकाने सुचविलेला बदल नाकारायचा कधी आणि कसा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे : पहिली कादंबरी एका प्रकाशनाने स्वीकारली आहे, परंतु बोलीतले निवेदन प्रमाण भाषेत आणावे, सुरुवातीची साठ पाने निम्म्यावर आणावीत आणि शेवट बदलावा, असे संपादकांनी कळविले आहे. यातले किती ऐकावे, हे तुम्हांला ठरवता येत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीच्या वेळी यांपैकी दोन सूचना, भाषेची आणि शेवटाची, मलाही आल्या होत्या. एक मी मानली, एक मानली नाही.

सुरुवातीला मला सगळ्याच सूचनांचा राग आला होता. हस्तलिखित परत आले तेव्हा प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. खरसुंडीच्या बाजारात वडील खिलार बैल विकतात, तो प्रसंग मी, इथे प्रमाण भाषेत सांगायचे तर, असा संपवला होता : ‘बाबांनी रिकामं दावं गुंडाळून पिशवीत ठेवलं. त्यांना फार वाईट वाटत होतं.’ दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारून समासात एवढेच लिहिले होते, ‘दाव्यात आले आहे.’ ते वाचून मी पाच मिनिटे गप्प बसलो आणि वाक्य खोडले. अशा सूचनांवर वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या वाचताक्षणी पटतात आणि आपल्याला हे आधी का दिसले नाही, याचीच चुटपुट लागते.

प्रश्न उरतो तो न पटणाऱ्या सूचनांचा. संपादकांना फोन करून मी तावातावाने बोललो असतो, पण त्यांनीच सांगितले की जे मान्य नाही ते पत्राने कळवा. मी भाषेपासून सुरुवात केली. माझी संपूर्ण कादंबरी माणदेशी बोलीत होती आणि ती प्रमाण भाषेत आणणे म्हणजे आमच्या मुलखाचा अपमान आहे, असे मला मनापासून वाटत होते. पत्रात तीन ओळी लिहून झाल्या आणि पुढे लिहायला काही सुचेना. ‘ही माझी भाषा आहे’ हे खरेच होते, पण कादंबरी मी सांगत नव्हतो. ती सांगणारा माणूस तीस वर्षे पुण्यात कारकुनी केलेला, आईच्या निधनानंतर गावी निघालेला होता. रोज टिपणे आणि कार्यालयीन पत्रे लिहिणारा हा माणूस बोलीत का लिहील, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. शेवटी दोनशेहून अधिक पाने मी पुन्हा लिहिली. मात्र तो गावात पोहोचतो तिथपासून त्याच्या निवेदनात बोलीतले शब्द हळूहळू शिरू लागतात आणि अखेरच्या प्रकरणात तो पूर्णपणे बोलीतच सांगतो. हे संपादकांनी सुचविलेले नव्हते आणि मुळात माझ्याही मनात नव्हते.

तुमचा निवेदक गावातच राहिलेला, बोलीतच विचार करणारा असेल, तर हेच पत्र तुम्हांला चार पाने लिहिता येईल आणि मग ती सूचना तुम्ही खुशाल नाकारावी. माझा सांगण्याचा मुद्दा तेवढाच आहे : नकाराचे कारण पुस्तकातून काढून दाखवता आले पाहिजे. ते आपल्या अभिमानातून, कष्टांतून किंवा ‘मला असेच हवे आहे’ यातून येत असेल, तर बदल निदान एकदा करून पाहावा.

शेवटाच्या बाबतीत मला तसे दाखवता आले. जमिनीच्या वाटणीवरून तुटलेले दोन भाऊ आईच्या दहाव्याला एकत्र यावेत, असे संपादकांचे म्हणणे होते. मी अडीच पानी पत्र लिहिले. धाकटा भाऊ चौथ्या प्रकरणात विहिरीच्या पाण्याची पाळी अर्धा तास चुकली म्हणून थोरल्याशी महिनाभर बोलत नाही. असा माणूस चार एकर जमीन एका दिवसात कशी विसरेल, असे त्यात विचारले होते. उत्तर एका ओळीचे आले : ‘मान्य. मग ती पाळी मला वाचताना दिसली का नाही?’ मी चौथे प्रकरण काढून पाहिले, तर तो प्रसंग एका परिच्छेदात उरकलेला होता. शेवट तसाच राहिला, पण पाळीचा परिच्छेद सहा पानांचा झाला.

मराठीत या पत्रव्यवहाराची मोठी परंपरा आहे. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथांचे पुनर्लेखन करवून घेत असत आणि अनेक लेखक त्या पत्रांविषयी कृतज्ञतेने बोलत. त्याच मासिकाच्या अंकाची १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतले राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होळी केली, कारण एकाच अभिरुचीच्या चाळणीतून सगळे साहित्य गाळले जावे, हे त्यांना मान्य नव्हते. मला दोन्ही बाजू पटतात. म्हणून संपादकांच्या सगळ्या सूचना एकत्र ठेवून त्या तुमच्याच कादंबरीकडे निघाल्या आहेत की त्यांच्या आवडीच्या एखाद्या निराळ्या कादंबरीकडे, हे एकदा तपासावे. दुसरे असेल, तर दोष कुणाचाच नाही, प्रकाशक बदलावा.

मुद्रितशोधकांशी होणारे वाद वेगळे. शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतही कवीला वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्य दिलेले आहे, पण ‘तेवढ्यापुरते’. तो शब्द मला फार आवडतो.

साठ पानांची सूचना कुणाची आहे, हे मात्र विचारून घ्या. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत, म्हणजे फर्म्यांत, छापले जाते. असा एकेक फर्मा वाढला की कागद आणि किंमत वाढते, म्हणून प्रकाशकही काटछाट सुचवितात. त्यात गैर काही नाही, परंतु तो हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्यावर हिशेबानेच बोलता येते. सूचना संपादकांचीच असेल, तर शेवटच्या प्रकरणापासून उलटे वाचत या आणि शेवट ज्यांच्यावर उभा आहे त्या पानांवर खूण करा. काटछाट करायची ती उरलेल्या पानांत. माझ्या कादंबरीत पहिल्या पन्नास पानांपैकी अशी एकोणीस निघाली होती.