ठिपका टांकसाळीचा की ठशाच्या टवक्याचा?

प्रश्न : माझ्याकडे पोलादी एक रुपयाची, एकाच सालाची दोन नाणी आहेत. पहिल्यावर सालाच्या बरोबर खाली, मध्यभागी गोल ठिपका आहे. दुसऱ्यावरही ठिपका आहे, पण तो शेवटच्या अंकाच्या उजवीकडे सरकलेला आणि किंचित वेडावाकडा आहे. ‘ही नोएडाची सरकलेल्या ठिपक्याची दुर्मीळ व्हरायटी आहे’ असे सांगून एका विक्रेत्याने ते मला बऱ्याच चढ्या भावाने दिले. हे खरे आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून दुसरे नाणे नोएडाचे वाटत नाही. ते कोलकात्याचे असावे आणि त्यावरचा ठिपका ही टांकसाळीची खूण नसून ठशाचा, म्हणजे नाणे पाडणाऱ्या पोलादी साच्याचा, टवका उडाल्याची निशाणी असावी. आपल्या चालू नाण्यांवर सालाखाली शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल तर ते नाणे मुंबईचे, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचे आणि गोल ठिपका असेल तर १९८८ साली सुरू झालेल्या नोएडाच्या टांकसाळीचे असते. कोलकात्याच्या नाण्यावर कोणतीही खूण नसते. सारा घोटाळा होतो तो इथेच, कारण कोलकात्याच्या नाण्यावर सालाच्या आसपास कुठेही बारीकसा उंचवटा दिसला की तो नोएडाचा ठिपका म्हणून खपवता येतो.

हा उंचवटा येतो कसा, ते नीट समजून घेतले पाहिजे. नाण्यावर जे उठावदार दिसते, ते ठशावर खोलगट कोरलेले असते. ठसा कठीण पोलादाचा असला तरी हजारो, लाखो नाणी पाडताना त्यावर प्रचंड दाब येत राहतो आणि जिथे दोन खोलगट भागांच्या मध्ये पोलादाची अरुंद भिंत उरलेली असते, म्हणजे ९, ६ किंवा ८ च्या पोटात अथवा दोन अक्षरांच्या फटीत, तिथला एखादा बारीक टवका उडतो. उडालेल्या जागी खळगा पडतो, नाणे पाडण्यासाठी ठेवलेल्या पुढच्या प्रत्येक कोऱ्या चकतीचा धातू त्या खळग्यात शिरतो आणि नाण्यावर पुळीसारखा उंचवटा उमटतो. आपली नाणी स्टेनलेस स्टीलची झाल्यापासून चकतीही कठीण झाली आहे, त्यामुळे ठशावरचा ताण वाढला आहे. देवनागरी अक्षरांत तर याची फसगत आणखी मोठी असते. शिरोरेषेच्या वर टवका उडाला तर तिथे चक्क अनुस्वार दिसतो आणि ‘अक्षरांची चूक असलेले नाणे’ म्हणून त्याची जाहिरात करता येते.

खरी व्हरायटी मात्र ठसा तयार होतानाच त्यात आलेली असते. मूळ उठावदार ठशावरून कामाचा ठसा दाबून घेताना तो जरा फिरला, सालाचा अंक किंवा टांकसाळीची खूण दोनदा ठोकली गेली, किंवा नक्षीच बदलली, तर तो फरक त्या ठशाने पाडलेल्या पहिल्या नाण्यापासून शेवटच्या नाण्यापर्यंत तसाच राहतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १९५५ साली पडलेले एक सेंटचे नाणे याचे, म्हणजे दुहेरी ठशाचे, प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यावरील साल आणि अक्षरे इतकी स्पष्ट दुहेरी आहेत की भिंगाचीही गरज लागत नाही. टवक्याचे तसे नसते. तो आधी सुईच्या टोकाएवढा असतो, मग पसरतो, कधी शेजारच्या अंकाला जाऊन भिडतो. एकाच ठशाच्या चार नाण्यांवर त्याचे चार आकार दिसू शकतात.

म्हणून तपासताना दहापट भिंग घ्यावे, उजेड वरून न टाकता बाजूने तिरपा टाकावा आणि नाणे हळूहळू फिरवावे. कोरलेल्या ठिपक्याची कड स्वच्छ गोल असते आणि माथा गुळगुळीत असतो. टवक्याची कड फाटकी व माथा खडबडीत असतो. जागाही पाहावी. आपल्या पहिल्या नाण्यावरचा ठिपका जिथे आहे तिथेच नोएडाचा ठिपका अपेक्षित असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच सालाचे, त्याच जागी तसाच ठिपका असलेले दुसरे नाणे दाखवा, असे विक्रेत्याला सांगावे. दुर्मीळ म्हणून विकणाऱ्याकडे निदान दुसऱ्या नाण्याचे छायाचित्र तरी असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ठिपक्यांचे वेड आपल्याकडे अकारण आलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. राणी व्हिक्टोरियाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीने रुपयावर १८६२ हेच साल कायम ठेवून पुढची कित्येक वर्षे नाणी पाडली आणि प्रत्यक्ष वर्ष ओळखता यावे म्हणून बारीक ठिपक्यांची संख्या बदलत नेली. त्या रुपयावरचा एकेक ठिपका मोजण्याजोगा आहे, कारण तो कोणीतरी हेतूने कोरला आहे.

प्रश्न : माझ्या दोन रुपयांच्या नाण्यावर ‘भारत’ ही अक्षरे दुहेरी दिसतात. हा दुहेरी ठसा आहे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : बहुतेक नाही. ठसा सैल बसला असेल तर तो नाण्यावरून उचलला जाताना किंचित घसटतो आणि अक्षराच्या एका कडेला चपटी पायरी तयार होते. त्यात मूळ अक्षर बारीक होते आणि बाजूची पायरी खालच्या पातळीवर, सपाट, चकचकीत दिसते. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही प्रतिमांना गोलाई असते, अक्षर एकूण जाड होते आणि त्याच्या टोकाशी स्पष्ट खाच दिसते. भिंगाखाली अक्षराची टोके पाहिलीत की फरक लगेच लक्षात येईल.

प्रश्न : हैदराबादचा तारा अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही, अशी नाणी जपावीत का? आणि टवक्याची नाणी टाकून द्यावीत का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तारा पुसट होण्याचे कारण बहुधा वंगण आणि धातूची भुकटी असते. ठशातील ताऱ्याचा खळगा त्यांनी भरला की तेवढ्यापुरता तारा उमटत नाही आणि ठसा पुसला की पुन्हा दिसू लागतो. असे नाणे कोलकात्याचे ठरत नाही आणि व्हरायटीही ठरत नाही. ताऱ्याच्या जागी भिंगातून एखादे टोक जरी दिसले तरी नाणे हैदराबादचेच धरावे.

टवक्याची नाणी टाकून देऊ नयेत. अमेरिकेतील लिंकन सेंटवर ‘लिबर्टी’ या शब्दातील बी आणि ई यांच्या मध्ये टवका उडून तिथे आय हे अक्षर असल्यासारखे दिसते. अशी नाणी तिकडे आवडीने जमवली जातात, पण ती टवक्याची म्हणूनच आणि सहसा माफक किमतीला. २००४ साली विस्कॉन्सिन राज्याच्या नावाने निघालेल्या क्वार्टरवर, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यावर, मक्याच्या कणसाला एक जादा पान दिसते. ते कसे आले याबद्दल मतभेद असले तरी ते टवक्यासारखे आकार बदलत नाही, म्हणून त्याला वेगळे स्थान मिळाले आहे.

एकाच ठशाची, टवका वाढत गेलेली तीन-चार नाणी ओळीने मिळाली तर तो संच अभ्यासाला फार चांगला असतो. असे नाणे पाकिटात ठेवताना त्यावर ‘ठशाचा टवका, सालाच्या उजवीकडे’ असे लिहावे. कोणी अदलाबदलीत मागितले तर ही चिठ्ठी नाण्याबरोबरच द्यावी.