सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलीला पंपाची सवय लागेल का?

तुमची मुलगी ९ वर्षांची, २८व्या आठवड्यात जन्मलेली, पेटीत ऑक्सिजनवर राहिलेली. आता जिना चढताना दम लागतो, बाळदमा म्हणून पंप दिलाय, फरक थोडाच पडतो, आणि त्याची सवय लागेल अशी भीती तुम्हाला वाटते. सवय लागत नाही. माझा आक्षेप आहे तो ‘बाळदमा’ या शिक्क्यावर.

वायुकोश (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या) प्रामुख्याने छत्तिसाव्या आठवड्यापासून पुढे तयार होतात. २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं हे काम बाहेर, ऑक्सिजन आणि यंत्राच्या दाबाखाली होतं. त्यामुळे श्वासनलिका अरुंदच राहू शकतात. दम्यातली सूज औषधाने उतरते. इथे अडथळ्याचा काही भाग घडणीतलाच असतो. श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे दम्याच्या सुजेची खूण असलेला वायू, तेही अशा मुलांत बहुधा वाढलेलं नसतं. तरीही केसपेपरवर जन्माचा आठवडा लिहिलेला नसतो, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून आधी स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी), तीही नीट. उंची चपला काढून मोजा. सॅल्ब्युटामॉल (श्वासनलिका लगेच उघडणारं औषध) किमान ४ तास आधी बंद, साल्मेटेरॉलसारखं लांब पल्ल्याचं औषध २४ तास (डॉक्टरांना विचारून). तीन चांगल्या फुंकरा हव्यात. मूल फुंकर मध्येच सोडतं, मग एकूण हवा कमी भरते, पहिल्या सेकंदातल्या हवेचं एकूण हवेशी गुणोत्तर खोटंच चांगलं दिसतं आणि अडथळा लपतो. नंतर स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) सॅल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे ४ पफ, १५ मिनिटं थांबून पुन्हा फुंकर. पंपाने किती उघडतं ते इथे कळतं, अंदाजाने नाही.

‘फरक नाही’ म्हणण्याआधी स्पेसर बघा. दोन पफ एकदम मारले की औषध भिंतीला चिकटतं. पंप हलवा, एक पफ, पाच संथ श्वास, मग पुन्हा हलवून दुसरा. स्पेसर कोमट साबणपाण्यात बुडवून तसाच वाळवा; फडक्याने पुसलात की प्लास्टिकवर स्थिर वीज साचते आणि औषध आतच राहतं. कॅप्सूलचा पावडरवाला पंप जोरात ओढावा लागतो, आणि पावसाळ्यात ओलसर हातांनी कॅप्सूल हाताळली की पावडर गोळा होते. स्टेरॉइडनंतर चूळ भरायचीच.

ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये ३४ आठवड्यांपर्यंत जन्मलेल्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली (२०२२). फ्लुटिकासोन (स्टेरॉइड) आणि साल्मेटेरॉल एकत्र दिल्यावर एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, अपेक्षित प्रमाणाच्या टक्क्यांत) प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या पंपाच्या, तुलनेत सुमारे १४ टक्के-अंकांनी वाढला; नुसत्या स्टेरॉइडने तेवढा नाही. म्हणजे ‘यांच्यावर पंप चालतच नाही’ हे म्हणणंही चुकीचं. मात्र मुलं फक्त ५३ होती, आणि ज्यांचा एफईव्ही-१ ८५ टक्के किंवा त्याखाली होता अशीच घेतली होती. साल्मेटेरॉल एकटं कधीच देऊ नका. स्टेरॉइड चालू असताना दर ६ महिन्यांनी उंची मोजा, आणि फरक पडला नाही तर स्वतःहून बंद न करता रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. घरात बिडी-सिगारेट कोणी ओढत असेल तर ती मात्र आजच बंद करा.