'०८ एमएस टीम' अकराव्या भागावर संपत नाही

"अकरा भाग संपले, शेवट अर्धवट वाटतोय, की मलाच कळला नाही?" हा '०८ एमएस टीम' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेबद्दलचा (युद्धयंत्रमानवांच्या 'गंडम' मालिकांपैकी एक) तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. तुम्हाला नाही हो, स्वतःला. दोन वर्षं मी नेमका तिथेच अडकलो होतो.

मालिका बारा भागांची आहे. बारावा 'लास्ट रिसॉर्ट', १९९९ सालचा, आधी तो बघा. युद्धातले दोन पक्ष, जिऑन कोण आणि फेडरेशन कोण, हे सांगत बसत नाही. अकरा भाग पचवलेत म्हणजे ठाऊक असणारच.

माझं झालं ते असं. जुन्या डिस्कचा संच ऑनलाइन मागवला. डब्याच्या पाठीवर बारा भागांची यादी, आत अकराच. विक्रेत्याला (नाव घेत नाही) मेल केली, तर उत्तर आलं: "डब्यावरील छपाई प्रातिनिधिक आहे." प्रातिनिधिक! बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र असतं तसं. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तक्रार 'निकाली'. पैसे गेले ते गेले, पण खरा गाढवपणा माझा. मी तो खुलासा मान्य केला आणि फेडरेशनचा अधिकारी शिरो आणि त्याची जिऑनमधली प्रेयसी आयना अकराव्या भागातल्या डोंगरात संपले असं धरून चाललो. वर मित्रांना ऐकवायचो की अख्ख्या गंडममध्ये इतका निष्ठुर शेवट दुसरा नाही. एकदा एकानं विचारलं, "मग शिरोच्या तुकडीतला मिशेल आणि ती गनिमांमधली किकी त्यांना शोधायला निघतात त्याचं काय?" म्हटलं, कधी?

पुढचं सांगत नाही. फक्त मोठ्या लढाईच्या अपेक्षेनं बसू नका.

आता माझं वैयक्तिक मत, जुनी मंडळी चिडतील: या मालिकेचा कळस दहावा भागच. जिऑनचा नॉरिस पॅकार्ड एकटा गूफ कस्टम हा यंत्रमानव घेऊन उतरतो. त्याला शिरोला हरवायचंच नाहीये, त्याला फेडरेशनच्या तीन गनटँक (तोफा लावलेली यंत्रं) उडवायच्या आहेत, कारण त्या तोफा जिऑनच्या जखमींना नेणारं जहाज पाडतील. मरता मरता तो तिसरीही उडवतो. आणि अकराव्या भागात ते जहाज फेडरेशनचा एक स्नायपर पाडतोच. हे दोन भाग सलग बघितले नसतील तर पुन्हा बघा, मी तर थेट जेवणावरून उठलो होतो.

सुरुवातीची जंगलातली लढाई आणि शेवटची प्रेमकथा यांचा सूर जुळत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. दिग्दर्शक ताकेयुकी कांदा १९९६ मध्ये, काम चालू असतानाच वारले आणि पुढचं उमानोसुके ईदा यांनी पूर्ण केलं. सूर बदलला तो त्यामुळेच असं मला वाटतं. मी काही अभ्यासक नाही, चूक असेल तर सांगा.

'मिलर्स रिपोर्ट' (१९९८) हा सिनेमा म्हणजे सगळ्या मालिकेचा सारांश असं समजून त्यावर भागवू नका. आधीच्या भागांची जुळवाजुळव, वर शिरो हेर आहे का याची चौकशी. आठव्या भागानंतर बघितला तर ठीक, नाही बघितला तरी अडत नाही.

याच युद्धावरची 'गंडम ००८०' (१९८९) ही मालिका मात्र सोडू नका. सहाच भाग आहेत, एका सुट्टीच्या दिवसात होतात. तिच्याबद्दल आधी काहीही वाचू नका. आणि कुठलाही संच विकत घेताना विक्रेत्याकडून आतल्या डिस्कचे फोटो मागवा, डब्याचे नव्हे.