मंगळाचं आयनांबर: शिखर जुळतं, मग वरची घनता कमी का?

तुमच्या मॉडेलमध्ये मंगळाच्या आयनांबरातलं, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातलं, इलेक्ट्रॉन-घनतेचं शिखर १२०-१३० किमी उंचीला नीट येतंय, पण १८० किमीला इलेक्ट्रॉन मोजमापांपेक्षा कमी पडताहेत. म्हणून आयनीभवनाचे (सूर्यकिरणांनी अणू-रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटण्याचे) आकडे बदलू का, असं विचारलंय. नका बदलू. गोम तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ओळीत आहे: 'इलेक्ट्रॉनांचं तापमान वायूइतकंच धरलंय.'

शिखरापाशी ते खपून जातं; तिथला दाट कार्बन डायऑक्साइड इलेक्ट्रॉनांची उष्णता लगेच काढून घेतो. वर गेलं की वायू विरळ होतो, पण सूर्याच्या अतिनील किरणांनी सुटलेले फोटोइलेक्ट्रॉन उष्णता देतच राहतात. वायू २०० केल्विनला आणि इलेक्ट्रॉन १००० केल्विनला, असं सहज होतं.

आता घनतेकडे बघा. तिथला मुख्य आयन ऑक्सिजन रेणूचा. तो इलेक्ट्रॉन पकडून फुटतो, आणि त्याचा दर इलेक्ट्रॉन-तापमानाच्या ०.७ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. २०० चे १००० केल्विन केलेत की दर तिपटीने घटतो. निर्मिती आणि नाश समतोलात असताना घनता दराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे घनता सुमारे पावणेदोनपट होते. तुमची तूट बहुधा इथेच भरून निघेल.

साधारण २०० किमीच्या वर हा समतोलही सोडा, तिथे विसरण (आयन-इलेक्ट्रॉनांचं वर-खाली पसरणं) हवं. त्यातली उंचीनुसार होणारी घट इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या तापमानांच्या बेरजेवर ठरते, म्हणजे तापमान पुन्हा घनतेत शिरलंच.

तेव्हा ऊर्जासमीकरण सोडवावंच लागेल. त्यात उष्णतावहनाचा गुणांक तापमानाच्या २.५ व्या घाताने वाढतो. तापमान १० पट झालं की गुणांक ३०० पटींहून जास्त. एक्सप्लिसिट पद्धतीने, म्हणजे पुढची स्थिती थेट आधीच्या स्थितीवरून काढली तर, काळाची पायरी इतकी लहान होते की संगणक रांगतो. मी त्यात बरेच दिवस घालवलेत, तुम्ही थेट इम्प्लिसिट घ्या, म्हणजे नवी स्थितीच समीकरणात धरून सोडवा. आधी जुन्या घनतेवर तापमान काढायचं, मग त्यावर घनता, आणि दोन्ही हलायचं थांबेपर्यंत फेऱ्या.

खरा वैताग वरच्या सीमेचा. फक्त सूर्यकिरणांची उष्णता घेतली तर वरचं तापमान १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या मोजमापांपेक्षा बरंच कमी येतं. मग वरून उष्णतेचा ओघ द्यावा लागतो, किंवा आडव्या चुंबकीय क्षेत्रामुळे उभं वहन अडतं असं धरावं लागतं. दोन्ही वेगवेगळं चालवून बघा. नुसता ओघ फिरवून आलेख जुळवणं फार सोपं आहे, आणि म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नाही.