चिनी चित्रांवरच्या शिक्क्याचा लाल रंग कशाचा असतो? राजवाड्यांना आणि लग्नाच्या कपड्यांनाही तोच वापरतात का?

नाही, हे तीन वेगवेगळे लाल आहेत. मी काही वर्षं चिनी सुलेखन शिकतोय आणि सुरुवातीला माझाही हाच गोंधळ होता.

बीजिंगच्या राजवाड्याच्या भिंतींचा लाल मातीचा, म्हणजे आपल्या गेरूच्या जातीचा. लग्नाच्या रेशमाचा जुना लाल करडईच्या फुलांचा. हो, आपण जिचं तेल काढतो तीच करडई! पाकळ्यांतला पिवळा रंग आधी पाण्याने धुऊन टाकायचा आणि मग राखेच्या पाण्यात लाल उतरवायचा.

शिक्क्याचा लाल मात्र 'चू', म्हणजेच आपला हिंगूळ: पारा आणि गंधकाचं खनिज. (शेंदूर वेगळा, तो शिशाचा.) हूनान प्रांतातल्या छन्चौचा हिंगूळ इतका नावाजलेला होता की चिनी भाषेत खनिजाचंच एक नाव 'छन्शा' पडलं, छनची वाळू.

चिनी लाल म्हटलं की आपल्याला कंदील आणि सणवार आठवतात. पण 'चू'चं मोठेपण मला अधिकारात दिसतं. चीनमधल्या आन्यांग शहराजवळ सापडलेल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजांच्या भविष्य पाहायच्या हाडांवर काही कोरीव अक्षरांत हिंगूळ भरलेला आहे. पुढे छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळात अधिकाऱ्यांच्या अर्जांवर बादशहा लाल शाईने शेरे मारायचा. तो लाल त्याच्याच हातचा. राजघराण्यात सुतक असलं की शेरे निळ्या शाईत. 'चू'जवळ राहिलात तर लाल व्हाल, शाईजवळ राहिलात तर काळे, ही तिथली म्हण. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधतात, तशीच.

आता शिक्क्याच्या लालीबद्दल, कारण माझा जीव तिच्यात आहे. ती पातळ शाई नसते, घट्ट लगदा असतो. हिंगूळ अगदी बारीक वाटतात, एरंडेल घालतात आणि दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या पानांवरची लव मिसळतात. ही लव तेल धरून ठेवते, त्यामुळे ठसा फुटत नाही. दगडी शिक्का लगद्यावर हलके हलके टेकवायचा, दाबायचा नाही. मग कागदावर ठेवून जोर द्यायचा. काळ्या शाईच्या चित्रात तेवढाच एक लाल ठिपका उमटतो आणि सगळं चित्र जागं होतं. जुन्या चित्रांवर तर एकामागून एक मालकांचे ठसे सापडतात. ते वाचत गेलं की चित्र कुणाकुणाच्या घरी राहून आलं ते कळतं.

चिनी लाखेच्या कोरीव डब्यांतही हाच हिंगूळ. ही लाख आपल्यासारखी किड्यांची नव्हे, झाडाचा चीक. त्या चिकात हिंगूळ कालवून पातळ थर देत जायचं, कधीकधी शंभरावर, आणि मग कोरायचं. ताओ या चिनी धर्मपंथातल्या किमयागारांना हिंगुळाचं वेड वेगळ्याच कारणाने होतं. हिंगूळ तापवला की पारा निघतो आणि पाऱ्यापासून पुन्हा हिंगूळ होतो, म्हणून त्यात त्यांना अमरत्व दिसलं. हिंगूळ-पाऱ्याच्या अमरत्वाच्या गोळ्यांनी थांग घराण्यातल्या बादशहांचेही जीव घेतले.

तुम्ही लगदा विकत घेणार असाल तर चिनी मातीच्या डबीतला घ्या, धातूच्या नको. महिन्यातून एकदा हाडाच्या किंवा बांबूच्या चमच्याने एकाच दिशेने घोळवून त्याचा गोळा करा, नाहीतर तेल वर येतं. उन्हात ठेवू नका, लाल काळवंडतो. काम झालं की हात साबणाने धुवा आणि डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नका.