मोठं इंजिन टाकायचंय? आधी ब्रेक तपासा

घरच्या सेडानमध्ये मोठं इंजिन बसवण्याबद्दलचे प्रश्न सारखे येत असतात आणि बहुतेकांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘मेकॅनिक म्हणतो, आरामात बसतं.’ बसतं की नाही हे सगळ्यात शेवटी बघायचं असतं. त्याआधी काय बघायचं, ते या उत्तरांत सांगतो.

प्रश्न: डिझायरच्या १.२ पेट्रोल गाडीत सियाझचं १.५ इंजिन टाकता येईल का? गाडी घाटात दमते.

नाही. आरसीवर ते चढणार नाही. घाटात दमत असेल तर आधी एअर फिल्टर, प्लग आणि क्लच तपासून घ्या.

प्रश्न: वडिलांची जुनी कार्ब्युरेटरवाली एस्टीम आहे. तिच्यात जुन्या बलेनो सेडानचं १.६ टाकलं तर? दोन्ही सुझुकीचीच इंजिनं ना?

हो, एकाच घराण्यातली. एस्टीमचं जी१३बी १२९८ सीसीचं, बलेनोचं जी१६बी १५९० सीसीचं. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात, फरक फक्त १ मिमीचा, ७४ आणि ७५. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर, मात्र ७५.५ वरून थेट ९० मिमी. त्यामुळे १.६ चा ब्लॉक उंच आहे आणि कमी आरपीएमला ओढ जास्त. ‘सेम टू सेम आहे’ असं जे सांगतात, ते या उंचीबद्दल बोलत नाहीत.

तुमची गाडी कार्ब्युरेटरची आणि बलेनोचं इंजिन फ्युएल इंजेक्शनचं, म्हणजे टाकीतला इलेक्ट्रिक पंप, रिटर्न लाइन, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि सगळं वायरिंग नव्याने आलं. क्लच, रेडिएटर आणि माउंटचा हिशेब वेगळाच. हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचं १.८ इंजिन दिलं तेव्हा पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही दिला होता. कंपनीला नुसतं इंजिन बदलून भागलं नाही, ते गल्लीतल्या गॅरेजला कसं भागेल? शिवाय बलेनो सेडान २००७ मध्येच बंद झाली. जे इंजिन मिळेल ते म्हातारं असणार, आणि त्यावर पहिला खर्च ओव्हरहॉलचाच. तेवढ्या पैशांत तुमचंच इंजिन उघडून नीट करून घ्या. आधी कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजणं) करा आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. कायद्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न: एजंट म्हणतो, ‘पेपर मॅनेज करतो, जुना नंबर नव्या इंजिनवर पंच करून देतो.’ चालेल?

हा गुन्हा आहे. त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ सांगतं की कंपनीने मुळात दिलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही के. जयचंद्र प्रकरणात हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नंबर ठोकलात तर प्रकरण खोटेपणाचं होतं. त्यातून भंगारातून आलेलं ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर चौकीत एजंट नाही, तुम्ही बसाल. शंका असेल तर स्वतः आरटीओत जाऊन मोटार वाहन निरीक्षकांना विचारा.

प्रश्न: मग सीएनजी किट कसं चालतं?

इंधन बदलण्यासाठी कलम ५२ मध्येच सवलत आहे. मंजूर किट, अधिकृत फिटर आणि आरसीवर नोंद, तिन्ही हवंच.

प्रश्न: पहिल्या पिढीच्या होंडा सिटी १.३ मध्ये १.५ व्हीटेक टाकायचं आहे. ९० चे १०६ बीएचपी होतील. मित्र म्हणतात, ब्रेकला काही करावं लागत नाही, फरक किरकोळ आहे.

हे ऐकलं की मला राहवत नाही. इंजिन बदलणारे दहा गोष्टी विचारतात, ब्रेकचं नाव कुणी काढत नाही.

१६ बीएचपी किरकोळ वाटतात. पण तुम्ही इंजिन बदलताय ते जोरात जायलाच ना? गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० ऐवजी १२० ने गेलात तर वेग दीडपट आणि ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट. ती सगळी उष्णता होते आणि तुमच्या गाडीत ती पुढच्या दोन डिस्कवर आणि मागच्या ड्रमवर पडते. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं.

आता गाडीचं वय बघा. वीस वर्षांच्या पुढची गाडी. चाक काढा आणि ब्रेकची रबरी होज (ऑइलची नळी) दोन बोटांत वाकवा. बारीक भेगा दिसल्या तर तिथेच थांबा. डिस्कच्या कडेवरून नख फिरवा, कंगोरा लागला तर डिस्क झिजलेली आहे. मास्टर सिलिंडरचं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या डबीचं, झाकण उघडा. ऑइल चहासारखं काळपट असेल तर ते जुनं झालंय, त्यात पाणी मुरलेलं असू शकतं. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइलची प्रतं. डॉट ३ चा उकळबिंदू ऑइल ताजं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. खंडाळ्याचा घाट सतत ब्रेक दाबत उतरलात की एवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळतं, त्यात वाफ होते, आणि पॅडल थेट खाली जातं. मागच्या सीटवर आई-वडील, मुलं बसलेली असतात हो.

म्हणून १.५ चा विषय कागदावरच बारगळला, तरी हे काम याच महिन्यात करून घ्या: होज, पॅड, लायनर, ताजं ऑइल. आणि ‘स्पोर्ट्स पॅड’ म्हणून खोक्यात मिळणारे बिननावाचे पॅड घेऊ नका. ओळखीच्या ब्रेक मेकॅनिकला गाडी लिफ्टवर घेऊन दाखवा.

प्रश्न: रीमॅप केलं, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललं, तर? इंजिन तर तेच राहतं.

‘मायलेजही वाढेल, पॉवरही वाढेल’ ही विकणाऱ्याची भाषा आहे. डिझेलमध्ये इंधन आणि टर्बोचा दाब वाढवूनच पॉवर येते. त्याचा ताण क्लच आणि टर्बोवर येतो. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न: इंजिन सीझ झालं. त्याच मॉडेलचं दुसरं बसवायचं आहे.

हे होऊ शकतं. आधी आरटीओची परवानगी घ्या. विक्रेत्याचं बिल आणि ज्या गाडीतून इंजिन काढलं तिची कागदपत्रं हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. बदल झाल्यावर १४ दिवसांत आरसी घेऊन कळवा आणि नवा नंबर चढवून घ्या. विमा कंपनीलाही तोच नंबर कळवा.

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी मोठं इंजिन टाकलं. आरसी आणि विम्यावर जुनाच नंबर आहे. आता काय?

आठ महिने थांबलात कशासाठी? अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन नंबर बघणारच. तुमच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि समोरच्याला दिलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करायला जाऊ शकते. आजपासून गाडी रस्त्यावर काढू नका. जुनं इंजिन गॅरेजमध्येच असेल तर ते विकू देऊ नका, तेच परत बसवून घ्या. ते गेलं असेल तर मोटार अपघात दावे पाहणाऱ्या वकिलाला सगळी बिलं दाखवा, आणि त्यांच्या सल्ल्याने आरटीओत व विमा कंपनीकडे लेखी अर्ज द्या.