नोकरी करून ओगेमसारखे अंतराळातले ब्राउझर गेम खेळता येतात का? झोपलो की ताफा उडवतात!

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, कारण माझाही ताफा असाच गेला होता. अर्धा तास रोज पुरतो. फक्त तो अर्धा तास झोपण्याआधीचा हवा.

ओगेम 2002 पासून चालू आहे, जर्मन कंपनीचा. आपण लॉगआउट झालो तरी खाणी धातू, क्रिस्टल आणि ड्युटेरियम (जहाजांचं इंधन) काढत राहतात आणि शेजारचे खेळाडू प्रोब, म्हणजे हेरयान, पाठवून आपलं कोठार मोजत राहतात. हल्ला यशस्वी झाला की साधारण निम्मा माल जातो. माल परत जमतो हो. जहाजं जमत नाहीत. ग्रहावर उभा असलेला ताफा फुटला की त्याच्या धातू-क्रिस्टलचा साधारण 30 टक्के भाग मलबा होऊन तिथेच तरंगतो, आणि हल्लेखोर बरोबर रीसायकलर, म्हणजे मलबा गोळा करणारं जहाज, घेऊनच आलेला असतो. त्याचा खरा धंदा तो मलबा.

म्हणून फ्लीटसेव्ह. झोपताना ताफा घरी ठेवायचाच नाही. सगळी जहाजं, शिल्लक मालासकट, हवेत. मी ताफ्यात निदान एक रीसायकलर ठेवून जवळच्या मलब्यावर पाठवतो आणि वेग 10-20 टक्क्यांवर आणतो. वेग कमी म्हणजे इंधन कमी, प्रवास लांब. सात तास झोपणार असाल तर जाऊन-येऊन सव्वासात तास भरतील असं बसवा. ताफा उतरण्याआधी तुम्ही जागे पाहिजेत, नंतर नाही. अख्खा ताफा सर्वांत मंद जहाजाच्या चालीनं चालतो, हेही धरा.

माझं गाव चोपडा तालुक्यात, घरची केळी. शेतीला तेव्हा थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत आबा मोटार चालू करायला उठायचे तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर ताफा पाठवत बसलेलो. एकदा दारात थांबून म्हणाले, “तुनी बी लाईट रातलेच येस का रे?” मला उत्तर सुचलं नाही. पण खेळ मला खरा कळला तो तेव्हाच. लाईट कधी येणार ते आपल्या हातात नाही, आपण त्या वेळेला हजर असणं हातात आहे.

आणि तरी मी चुकलो. माझ्या सर्व्हरचं घड्याळ जर्मनीचं. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे. मार्चअखेर ते घड्याळ एक तास पुढं करतात, मग फरक साडेतीनच उरतो. माझ्या डोक्यात साडेचारच बसलेले. सर्व्हरवर पहाटे दोनला उतरणारा ताफा आपल्याकडे साडेसहाला येईल म्हणून निवांत झोपलो; तो आला साडेपाचला. एकानं त्याच्या ग्रहाच्या चंद्रावरच्या फॅलँक्सनं, म्हणजे टेहळणी यंत्रानं, माझी परतीची वेळ सेकंदापर्यंत पाहून ठेवली होती. सकाळी उरला फक्त लढाईचा अहवाल. आपल्या ग्रहाला चंद्र मिळाला की ताफा चंद्रावरूनच पाठवा आणि तिथेच परत घ्या, फॅलँक्सला चंद्र दिसत नाही.

घरी लग्न असेल किंवा कानबाईच्या सणाला गावी जाणार असाल तर सरळ व्हेकेशन मोड. किमान 48 तासांचा असतो. हल्ला होत नाही, खाणीही थांबतात, आणि हवेत ताफा असला तर हा मोड चालू करता येत नाही.

पैशांचं विचाराल तर डार्क मॅटर (खेळातलं खऱ्या पैशांनी मिळणारं चलन) विकत घेणारे पुढे पळतातच. मी एक रुपया घातला नाही, वरच्या शंभरांत कधी आलोही नाही.

रोज रात्रीचा हा हिशेब नको वाटत असेल तर नेपच्यून्स प्राइड बघा, 2010 चा. ताऱ्यावरून ताऱ्यावर जायला तासन्‌तास लागतात, दिवसातून दोन-तीनदा डोकावलं तरी भागतं. तिथे मात्र निघालेलं जहाज मागे बोलावता येत नाही, ओगेममध्ये येतं. आणि तिथे सगळा खेळ तह करण्यावर आणि मोडण्यावर आहे, त्यामुळे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ज्यांच्याबरोबर पत्ते खेळता त्यांच्याशी खेळू नका.

वसाहतीचं राहिलंच. सूर्याजवळचा ग्रह तापलेला, तिथे सोलर सॅटेलाइट जास्त वीज देतात. पंधराव्या, म्हणजे सर्वांत लांबच्या जागेवरचा थंड, तिथे ड्युटेरियम जास्त निघतं. फ्लीटसेव्हला रोज इंधन लागणार, तेव्हा एक तरी थंड ग्रह घ्या. माझ्या पहिल्या जागेवरच्या ग्रहाचं नाव भुसावळ, शेवटच्याचं तोरणमाळ.